देवगिरीच्या दारातलं पाणी

देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला पाहून आलेल्या कुणालाही विचारा. यादवांची राजधानी, १२९६ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ला तुघलकाने दिल्लीहून इथे हलवलेली राजधानी, चांदमिनार, मेंढा तोफ, अंधारी वाट. सगळं घडाघडा सांगतील. औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला चिनी महालात कैदेत ठेवलं, हेही गाइड हमखास सांगतो. १९३४ मात्र कुणी सांगत नाही. निदान मला तरी तिथे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत हा किल्ला. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी हातपाय-तोंड धुतलं. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला. शिव्या सुरू झाल्या. शेवटी बाबासाहेबांनीच विचारलं, हेच शिकवतो का तुमचा धर्म? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल? जमाव गप्प झाला. किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. पहाऱ्याला एक हत्यारबंद शिपाई दिला. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षं झाली होती!

हे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. हल्ली हिंदुत्ववाद्यांना तेवढंच पान बरोबर सापडतं. बघा, मुसलमानांनीच तुमच्या बाबासाहेबांचं पाणी अडवलं! मग त्याच लिखाणातलं चाळीसगाव का नाही सापडत? तिथे हिंदू टांगेवाले महाराला टांग्यात बसवायला तयार नव्हते. बडोद्यात पारशांनी काठ्या घेऊन पथिकाश्रमातून हाकललं, ते? जात धर्माची वेस ओलांडून जाते, हे बाबासाहेब दाखवत होते.

पण आपलंही चुकतंय. दलित-मुस्लिम ऐक्याला बाधा येईल म्हणून आपले काही वक्ते हा प्रसंग गाळतात. बाबासाहेबांनी गाळला नाही, आपण कोण गाळणारे?

किल्ल्यावर यादव, खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम अशी निशाणं बदलत गेली. यादवांच्या दरबारात हेमाद्री व्रतवैकल्यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचत होता. पुढच्याच शतकात चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. कुस बांधायला महार चालतो, पाण्याला चालत नाही. ही रीत निजामाने आणली नव्हती. त्याच्या राज्यात ती टिकली, एवढं खरं.

त्या प्रसंगातली एक गोष्ट मला जास्त सलते. जमावाने स्थानिक अस्पृश्यांनाही फैलावर घेतलं, या बाहेरच्यांना तुम्ही सांगितलं का नाही म्हणून. ते बिचारे तेव्हा तिथे हजरही नव्हते. बाबासाहेब पुढे वेरूळला गेले; या माणसांना तिथेच राहायचं होतं. त्यांचं पुढे काय झालं? दौलताबादच्या वस्तीत जाऊन त्यांच्या नातवंडांना विचारायला हवं. समाजशास्त्र, इतिहास शिकणाऱ्या आपल्या पोरांनी हे काम हाती घ्यावं, उशीर होण्याआधी.

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. दरवाजाशी १९३४चा फलक लावा, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजीत, अशी लेखी मागणी करू. फलक लागेपर्यंत वेरूळला जाणाऱ्या आपल्या बसगाड्या तिथे थांबवा. सेल्फीआधी ते पान मोठ्याने वाचा, आणि मग आत जाऊन पोटभर पाणी प्या.

जय भीम.