रसिकांच्या कपाटातील मैफली

बीड - मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव म्हणून अंबाजोगाईला त्याचा आनंद अधिकच होता. त्यापाठोपाठ केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहिमेची घोषणा झाली. संस्था, ग्रंथालये आणि खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. कागदावर आणि दासोपंतांच्या पासोडीसारखी कापडावर उतरलेली भाषा जपण्याची व्यवस्था अशी उशिरा का होईना उभी राहत आहे. चुंबकीय फितीवर उतरलेली मराठी मात्र या मोजणीत नाही. ती बीड जिल्ह्यातील घरांत, लोखंडी कपाटांच्या तळाशी, चपलांच्या रिकाम्या खोक्यांत पडून आहे आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी नष्ट होत आहे.

१९८० च्या दशकात कोऱ्या कॅसेट आणि टू-इन-वन टेपरेकॉर्डर सामान्य घरांत आले, तेव्हा मराठवाड्यातील श्रोता प्रथमच मुद्रकही झाला. सप्ताहातील काल्याचे कीर्तन, आंबेडकर जयंतीच्या रात्री रंगणारा गायनाचा सामना, भारूड, मुशायरा, कव्वाली यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नव्हते. यशवंतराव चव्हाण यांच्या स्मृतिदिनी, २५ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या अंबाजोगाईच्या स्मृती समारोहाने त्याच दशकापासून तालुक्याच्या गावात शास्त्रीय संगीताची सभा नेली. मंचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसणारा रसिक हे त्या काळातील कार्यक्रमांचे परिचित दृश्य होते. ज्याची साउंड सिस्टिमवाल्याशी ओळख असे, तो थेट मिक्सरमधून तार घेई. बाकीच्यांच्या फितीत गायनाबरोबर शेजाऱ्याचा खोकला आणि चहावाल्याची हाकही मुद्रित होत असे.

या मुद्रणांचे मोल हौसेपुरते नाही. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी जे मुद्रित केले, ते विक्रीच्या हिशेबाने आणि तबकडीच्या वेळेत बसेल तेवढेच. आकाशवाणीने चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना स्टुडिओत बोलावले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारखा कवी-गायक मात्र गावोगावच्या ओट्यांवर गात फिरला आणि त्याची गाणी कार्यकर्त्यांच्या वह्यांत व फितींत राहिली. कीर्तनाचेही तेच. अभंग एकच असतो, निरूपण रोज वेगळे. समोरचा श्रोता, गावातील ताजी घटना, पाऊसपाणी यांनुसार बुवा वाट बदलतात. ती वाट छापील गाथेत सापडत नाही. ती त्या रात्रीची असते आणि त्या रात्री कोणी मुद्रणाची कळ दाबली असेल तरच उरते.

श्रोत्याच्या बाजूने झालेल्या मुद्रणातून सार्वजनिक संग्रह उभा राहू शकतो, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या पथकाने १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचे जे मुद्रण केले, ते या संग्रहातील अमूल्य भाग मानले जाते. गी पॉइटवाँ २००४ मध्ये आणि हेमा राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. तरीही संग्रह हरवला नाही, कारण बर्नार्ड बेल यांनी त्याची संगणकीय मांडणी आधीच केली होती. पुढे 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेने २०१७ पासून तो गायिकांची नावे, गावे आणि छायाचित्रांसह लोकांसमोर आणला. येथे मुद्रण करणारे संशोधक होते, चाहते नव्हते, हे खरे. पण दोघांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. संशोधकाने फितीबरोबर वही ठेवली. चाहत्याने कॅसेटच्या पाठीवर 'कीर्तन - छान' एवढेच लिहिले.

चाहत्यांनीच वही ठेवली तर काय घडते, हे अमेरिकेत दिसले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडने १९९५ पर्यंत सुमारे २३०० मैफली केल्या आणि त्यांतील बहुतेक आज कोणत्या ना कोणत्या मुद्रणात उपलब्ध आहेत. हा बँडही एकच गाणे रोज निराळे वाजवी. प्रेक्षक चोरून मुद्रण करत, तेव्हा त्यांना हुसकावण्याऐवजी बँडने १९८४ मध्ये मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. अट एकच होती : फितींची देवाणघेवाण करा, विक्री नको. ही अट बँडच्या वकिलांपेक्षा चाहत्यांनीच अधिक कसोशीने पाळली. तारीख, गाव, गाण्यांचा क्रम, वापरलेला मायक्रोफोन, प्रत कितव्या पिढीची अशा नोंदी ठेवण्याची शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली. डिक लॅटवाला हे मूळचे असेच एक फितीसंग्राहक. ते पुढे बँडच्या ध्वनिसंग्रहाचे व्यवस्थापक झाले आणि १९९३ पासून त्यांनी निवडलेल्या मैफली बँडने स्वतः प्रकाशित केल्या. फुकट फिरणाऱ्या फितींनी बँडचे दिवाळे काढले नाही, उलट श्रोते वाढवले.

तेथेही सारे गोडीगुलाबीने झाले असे नाही. २००५ च्या अखेरीस इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहातून या मैफली उतरवून घेण्याची सोय बँडच्या सांगण्यावरून बंद झाली. चाहते खवळले. अखेर प्रेक्षकांनी केलेली मुद्रणे पूर्ववत खुली झाली आणि मिक्सरवरून घेतलेली केवळ ऐकण्यापुरती ठेवली गेली. प्रेक्षकाच्या मायक्रोफोनचे काम प्रेक्षकाचे आणि बँडच्या यंत्रणेतून आलेले बँडचे, ही त्या तोडग्यातील वाटणी आपल्याकडील वादांतही उपयोगी पडावी.

आपल्याकडील वाद मात्र फार वेगळ्या पातळीवर आहेत. आज मोबाइल प्रत्येकाच्या हाती आहे आणि कीर्तनाचा मंडप कॅमेऱ्याच्या तिकाट्यांनी भरलेला असतो. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या मजुराच्या कोपीत संध्याकाळी गावाकडच्या बुवांचे कीर्तन मोबाइलवर ऐकू येते, ही या तंत्राची देणगीच आहे. पण ध्वनिफीत व्हॉट्सअॅपवर पाचव्या हाताला पोहोचते, तोवर गायकाचे नाव, गाव आणि वर्ष गळून पडलेले असते. यूट्यूबवर तीच चित्रफीत चार वाहिन्या आपापला शिक्का मारून टाकतात आणि जाहिरातीचे उत्पन्न शिक्का मारणाऱ्याकडे जाते. निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या कीर्तनातील विधानावरून २०२० मध्ये सुरू झालेले प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, त्याचे मूळ इंटरनेटवर फिरलेल्या चित्रफितीत होते. आपल्या कीर्तनांवर इतर लोक पैसे कमावतात, ही नाराजीही त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. त्यांच्या विधानाचे समर्थन करण्याचे कारण नाही. किंबहुना, श्रोत्याने केलेले मुद्रण हा सार्वजनिक बोलण्याचा पुरावाही असतो, हे त्या प्रकरणाने दाखवले. मात्र कमाईबाबतचा त्यांचा आक्षेप कीर्तनकाराचा म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. मोठ्या कीर्तनकाराला निदान तक्रार करण्याइतका आवाज आहे. गावातल्या शाहिराला आपले गाणे कोठे वाजते, हेसुद्धा कळत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. सादरकर्ता म्हणजे कोण, याची व्याख्या मोठी उदार आहे. गायक, वादक, नट यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही तीत आहे. तेव्हा कीर्तनकार आणि शाहीर निःसंशय तीत बसतात. हा हक्क सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे टिकतो. त्याच कायद्याचे ३९ वे कलम सांगते, की मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ अध्यापन व संशोधनासाठी केलेले मुद्रण हा हक्कभंग नव्हे. म्हणजे टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला रसिक गुन्हेगार नव्हता. प्रश्न पुढे येतो, तो ती फीत सर्वांसाठी खुली केल्यावर. तुकोबांच्या अभंगावर कोणाचा प्रताधिकार नाही, पण त्यावरील निरूपण करणाऱ्याचा हक्क आहे. वामनदादांच्या गाण्यांत तर शब्दांचा प्रताधिकारही जिवंत आहे. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, या नियमाने तो २०६४ अखेरपर्यंत राहील. धार्मिक विधीत गाणे सादर करण्यास कायद्याने सूट दिली आहे. ती सूट चित्रफीत प्रसारित करण्यासही आहे, असा समज अनेक मंडळांनी करून घेतलेला दिसतो. तो चुकीचा आहे.

या सगळ्यात एक तरतूद अशी आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ५२ व्या कलमात भर पडली, की ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. ५२ व्या कलमातील सवलती योग्य त्या फेरफारासह सादरकर्त्याच्या हक्कांनाही लागू होतात, असे ३९ व्या कलमात म्हटले आहे. दोन्ही एकत्र वाचले, तर निघणारा अर्थ साधा आहे. रसिकाने आपल्या कॅसेट ग्रंथालयाला दान कराव्यात. ग्रंथालयाने त्या संगणकावर घेऊन जपाव्यात. प्रसारणाचा प्रश्न परवानगी मिळेपर्यंत बाजूला ठेवता येतो. जतनाला थांबण्याचे कारण उरत नाही.

मुंबईत या वाटेने काही पावले पूर्वीच पडली आहेत. सत्यशील देशपांडे यांच्या संवाद फाउंडेशनने ख्यालगायनाचा मोठा ध्वनिसंग्रह उभा केला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांना एकत्र आणले. पण ख्याल आणि तबकडी यांना महानगरात जाणते लोक मिळतात. जयंतीच्या गाण्यांना आणि सप्ताहाच्या कीर्तनाला वाली गावातच शोधावा लागेल. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत, बीडला जिल्हा ग्रंथालय आहे. अडचण अशी, की वाचनालयांची प्रतवारी मुख्यतः ग्रंथ, नियतकालिके आणि सभासद यांच्या संख्येवर ठरते. कॅसेटने भरलेले कपाट त्या हिशेबात शून्य. वाचनालयाने ते कशासाठी स्वीकारावे? येथे शासनाने नियमात एक ओळ घालण्याची गरज आहे आणि ती मागणी साहित्य संमेलनांच्या ठरावांत दिसायला हवी होती.

खर्चाचा बाऊ करण्यासारखे काही नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस पाळून, ध्वनी न दाबता २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने घेतला, तर नव्वद मिनिटांच्या कॅसेटला सुमारे तीन गिगाबाइट जागा लागते. एक टेराबाइटच्या साध्या डिस्कवर अशा तीनशेहून अधिक कॅसेट मावतात. खरी टंचाई आहे ती चालू स्थितीतील टेपरेकॉर्डरची आणि तो दुरुस्त करणाऱ्या हातांची. फितीवरील चिकटद्रव्य दमट हवेत सैल होते, बुरशी धरते. त्याहूनही आधी यंत्राचे रबरी पट्टे आणि हेड निकामी होतात. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या याच संघटनेने २०१९ मध्ये हाती घेतलेल्या पाहणीत इशारा दिला होता, की फिती वाजवणारी यंत्रे २०२५ च्या सुमारास दुर्मिळ होतील. ती मुदत उलटली आहे. बीडच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान शोधायला निघणाऱ्याला तिचा अर्थ लगेच कळेल.

नोंदीचे काम तर विनाखर्च आहे, पण त्याला माणूस लागतो आणि तोही वेळेत. फितीवर कोण गात आहे, तबल्यावर कोण, सप्ताह कोणत्या गावचा, दुष्काळाचा उल्लेख कोणत्या वर्षाचा, हे ज्यांना ऐकताक्षणी सांगता येते, ती पिढी आता सत्तरीपलीकडे आहे. तिच्या पश्चात फीत वाजेल, पण ती कोणाची हे सांगणारे कोणी नसेल. महाविद्यालयांतील मराठी आणि संगीत विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी विषय शोधत बसण्यापेक्षा त्यांना एकेका खोक्यासमोर आणि त्या खोक्याच्या मालकासमोर बसवावे. मुकुंदराजांवर आणखी एक निबंध आला नाही, तर काही दिवस चालेल.

पुढे होणाऱ्या कार्यक्रमांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कलावंताशी मानधनाचा करार करतानाच आयोजक मंडळाने एक पानाचे संमतीपत्र घ्यावे : मुद्रण होईल का, ते कोठे ठेवले जाईल, ऐकण्यासाठी खुले असेल की नाही, त्यातून उत्पन्न झाले तर कलावंताचा वाटा किती. नको म्हणणाऱ्याचा नकार पाळावा. हो म्हणणाऱ्याच्या मुद्रणाची एक प्रत जिल्हा ग्रंथालयाला आणि एक कलावंताच्या घरी जावी. अंबाजोगाईचा समारोह, बीडमधील जयंती उत्सव समित्या आणि मोठे सप्ताह भरवणारी संस्थाने यांपैकी एकाने जरी येत्या हंगामात हे पत्र छापून घेतले, तरी बाकीच्यांना नमुना मिळेल.