कपाटामागचं चित्र

चाळिशीनंतर तैलरंगाच्या क्लासला जाऊ लागलेल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं पहिलं चित्र, पितळी तांब्या आणि दोन लिंबं, वर्षाने कपाटामागून काढलं तर पांढरा रंग पिवळट पडलेला. रंग हलका निघाला का, असं त्या विचारतात.

रंगाचा दोष नसावा. या रंगात बहुधा जवसाचं तेल असतं, आणि अंधारात ते पिवळं पडतं. चित्र काही आठवडे उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. पिवळेपणा बराच उतरेल. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याला वेळ लागतो. म्हणून पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा द्यावा. तेलकट हात नंतर. उलट केलंत तर पुढे भेगा पडतात. व्हार्निशला सहा महिने तरी थांबा.

आणि हो, तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका! तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या बाहेर सुट्या पसरून वाळवा. टर्पेंटाइन गॅसपासून लांब ठेवा.

आता ते कपाट. "सासूबाईंना वास चालत नाही, पाहुण्यांपुढे लाज वाटते," हे पत्राच्या शेवटी अगदी बारीक अक्षरात आहे. वास चित्र वाळलं की जातो. क्लासची फी तुम्ही वाणसामानातून वाचवून भरता म्हणे. मग ती लिंबं पाहुण्यांनी का बघू नयेत? बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर स्वयंपाकघरात न्या. दुधाचा हिशोब तरी तिथेच लिहायचा असतो. खिळा मोकळा होईल.