बाळाचे कान तपासले का?

पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे विजेच्या वस्तू मिळतात. गिऱ्हाईक स्पीकर घेताना तो आधी वाजवून पाहते. वस्तूंच्या बाबतीत आपण एवढे सावध असतो. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येते की नाही, हे अनेक ठिकाणी कोणी पाहतच नाही.

बाळ जन्मले की आपण त्याच्या कानाशी बोलतो. मुसलमान घरात कानात अजान देतात. हिंदू घरात बारशाला आत्या कानात नाव सांगते. ते शब्द बाळापर्यंत पोचले का? जगात दर १,००० नवजात बाळांमागे सुमारे १ ते ३ बाळांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो.

बहिरेपणा डोळ्यांना दिसत नाही. असे बाळही रडते, हसते. टाळी वाजवताना हलणारा हात पाहून ते दचकते आणि घरच्यांना वाटते, त्याला ऐकू येते. दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा वडीलधारी माणसे म्हणतात, "याचे वडीलही उशिराच बोलले होते." अशा वाट पाहण्यात भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो.

खरे तर ही तपासणी सोपी आहे. बाळ झोपलेले असताना कानात मऊ टोकाची लहान नळी ठेवतात. तिच्यातून हलके आवाज सोडतात. निरोगी कानाच्या आतून त्यांना क्षीण प्रतिध्वनी येतो व यंत्र तो टिपते. डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञांनी १९७८ साली लंडनमध्ये या प्रतिध्वनीचा शोध लावला. या तपासणीत सुई नाही, वेदना नाही. काही मिनिटांचे काम आहे.

काहीजण म्हणतात, "आईबापांना उगाच का घाबरवायचे?" पहिल्या चाचणीत प्रतिध्वनी मिळाला नाही, म्हणजे बाळ बहिरे आहे असे नव्हे. कानात पाणी राहिले तरी असे होते. म्हणून चाचणी पुन्हा करतात. दुसरे काही म्हणतात, "अशक्त बाळांचीच तपासणी पुरे." पण श्रवणदोष असलेल्या सुमारे निम्म्या बाळांत धोक्याचे कोणतेही लक्षण नसते. म्हणून प्रत्येक बाळाची तपासणी झाली पाहिजे.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. श्रवणयंत्र असो वा खुणांची भाषा, मुलाला भाषा वेळेवर मिळाली पाहिजे.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून या विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आता लसीकरणाच्या कार्डावर बीसीजी व पोलिओच्या नोंदींशेजारी कानाच्या तपासणीचीही नोंद हवी.

मित्रांनो, मोहल्ल्यात बाळ जन्मले की तुम्ही मुबारकबाद द्यायला जाता. तेव्हा एवढे जरूर विचारा, "बाळाचे कान तपासले का?"