रुपया घसरला, पण कोणासाठी?



'रुपयाचे अवमूल्यन' या विषयावर मुलांनी लिहिलेले निबंध तुम्ही वाचले असतीलच. बहुतेक वह्यांत तेच: रुपया घसरला, महागाई वाढली, देशाची पत गेली. उत्तर चुकीचं नाही, म्हणून आपण गुणही देतो. पण माझं मत विचाराल तर ते अर्धंच आहे, आणि त्या अर्ध्यावर मुलांना आपणच थांबवतो.

आधी आपली एक गल्लत. अवमूल्यन आणि घसरण हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. सरकारने ठरवून दर खाली आणला तर ते अवमूल्यन. बाजारातल्या मागणी-पुरवठ्याने खाली आला तर घसरण. 6 जून 1966 रोजी झालं ते अवमूल्यन. डॉलर 4.76 रुपयांना होता, तो 7.50 रुपयांना झाला. हे दोन आकडे गणिताच्या तासाला फळ्यावर लिहून बघा. डॉलर 57.6 टक्के महागला, पण रुपयाची किंमत 36.5 टक्केच उतरली. दोन्ही बरोबर! शेकडेवारीची दहा उदाहरणं सोडवून जे कळत नाही ते इथे कळतं.

आपला माल परदेशात स्वस्त होईल आणि निर्यात वाढेल, ही तेव्हाची अपेक्षा. पण 1965 आणि 1966, दोन्ही वर्षी पावसाने दगा दिला. विकायला शेतमालच कमी आणि खायला धान्य अमेरिकेहून आणायचं, अशी स्थिती. नुसता दर बदलून निर्यात वाढत नाही, हातात मालही लागतो.

आता आजचं बघा. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, म्हणजे डॉलर महागला की डिझेलवर ताण आणि मग भाजीच्या टेम्पोचं भाडं. खाद्यतेलही निम्म्याहून जास्त आयातीचं. आईच्या फोडणीला त्याची झळ लागते. पण लातूरकडचा सोयाबीनवाला शेतकरी? बाहेरचं तेल महागलं तर त्याच्या मालाला भाव मिळण्याची शक्यता वाढते. मात्र तो शेतात टाकतो ते पोटॅश जवळजवळ सगळं आयातीचंच! म्हणजे एका खिशात आलं, दुसऱ्यातून गेलं. शेवटी हातात काय उरलं, हे त्याला विचारल्याशिवाय कळायचं नाही.

याच वर्गात एखाद्या मुलीचे वडील दुबईत असतात. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे तेवढ्याच पगाराचे घरी जास्त रुपये येतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा दादा अमेरिकेत शिकतो. त्याची फी 20,000 डॉलर धरा. डॉलर 80 वरून 85 वर गेला की वडिलांना एक लाख रुपये जास्त भरावे लागतात, तेही बहुधा कर्ज काढून. एकच बातमी, दोन बाकांवर दोन अर्थ.

आणि आपण प्रश्न काय काढतो? 'अवमूल्यनाचे दुष्परिणाम लिहा.' 'दुष्परिणाम' म्हटल्यावर मूल दुसरं काय लिहिणार? पुढच्या घटक चाचणीत मी प्रश्न बदलणार आहे: डॉलर पाच रुपयांनी महागला, तर तुमच्या घरात, शेजारी आणि गावच्या बाजारात कोणाला काय फरक पडेल? पालकांनो, त्याआधी मुलं घरखर्चाची चौकशी करायला लागली तर रागावू नका, खरे आकडे सांगा.