यंत्र आणा, पण ठेकेदारी हटवा



२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफगोळे टाकले. मैलापूरच्या गल्लीत धूर्त माणसाला आजही ‘एमडन’ म्हणतात. तो गोळा शत्रूचा होता. वर्धा जिल्ह्यात पुलगावला माणसे मेली ती आपल्याच दारूगोळ्याने. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत ठेकेदाराने आणलेले आसपासच्या गावांतले रोजंदार मजूर होते.

आता लेसर यंत्राचे कौतुक होते, ते रास्तच आहे. लांबून किरण सोडून न फुटलेल्या बॉम्बचे कवच तापवतात. आतली दारू पेटून जळून जाते, माणसाला जवळ जावे लागत नाही. अमेरिकेने २००३ साली अफगाणिस्तानात असे यंत्र वापरले. दिल्लीच्या ‘लॅस्टेक’ या सरकारी प्रयोगशाळेनेही गाडीवरचे यंत्र बनवले.

पण जमिनीत पुरलेला बॉम्ब किरणाला दिसत नाही, आणि ट्रकमधली पेटी यंत्र उतरवत नाही. पुलगावचा स्फोट पेट्या उतरवतानाच झाला. धुक्यात रुळावर डिटोनेटर ठेवणाऱ्या आपल्या माणसालाही आधी शिकवावे लागते. मग तोफगोळ्याची पेटी न शिकलेल्या रोजंदाराच्या हाती का?

म्हणून यंत्र जरूर आणा, पण या कामातली ठेकेदारी बंद करा. शिकलेला, कायम, विमा असलेला कामगारच तेथे हवा. रेल्वे आणि टपाल कामगारांनी ही मागणी आपली मानावी. ठेकेदार आपल्याही खात्यांत शिरला आहे.