मधुमेही डिलिव्हरी चालकाला विमा मिळेल, पण जेवायला वेळ कोण देणार?

नागपूरच्या वस्त्यांमध्ये आम्ही शुगर तपासणीसाठी बसतो तेव्हा डिलिव्हरीचे काम करणारी मुले सर्वात शेवटी येतात, रात्री दहा वाजून गेल्यावर. पार्सलचा टेम्पो चालवणारे बोट पुढे करण्याआधीच विचारतात, शुगर निघाली तर लायसन जाईल का? व्यावसायिक परवान्याच्या नूतनीकरणाला दर पाच वर्षांनी डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून ही भीती. आम्ही त्यांना सांगतो की, मधुमेह असणे आणि गाडी चालवताना साखर एकाएकी खाली जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. धोका दुसरीत आहे.

आणि हा धोका कामाच्या पद्धतीतूनच तयार होतो. खाण्याच्या ऑर्डरी लोकांच्या जेवणाच्या वेळेलाच येतात, म्हणजे जो जेवण पोहोचवतो त्याचीच ती जेवणाची वेळ. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण चुकले तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे सारे चालत्या गाडीवर. मग चालक यावर स्वतःच उपाय शोधतो : तो गोळीच सोडतो. चक्कर थांबते, ट्रिपा पूर्ण होतात. वाढलेली साखर मात्र आवाज न करता डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा खात राहते. रस्त्यात शौचालय नाही म्हणून पाणी कमी प्यायचे, हेही त्यात आलेच. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिन कितपत कामाचे उरत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

यावर सरकारी उत्तर काय? फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गिग कामगारांना प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत घेण्याची घोषणा झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरण्याची तरतूद आहे. आम्ही याचे स्वागतच करतो. पण जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी आहे. मधुमेह हा रोजच्या गोळीचा, दर तीन महिन्यांच्या तपासणीचा आजार. त्या गोळीचे पैसे खिशातून जातात. पायाला गँगरीन होऊन भरती झाल्यावर कार्ड चालते.

कारखान्यातल्या कामगाराचे तसे नाही. त्याला ईएसआयच्या दवाखान्यातून रोजची औषधे मिळतात, आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. १९४८ च्या या कायद्याची पायाभरणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असतानाची, आणि बाबासाहेब स्वतः मधुमेही होते. डिलिव्हरी चालक या छत्राबाहेर राहतो, कारण कागदावर तो कामगार नाही, ‘पार्टनर’ आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२९-३० पर्यंत असे २.३५ कोटी ‘पार्टनर’ असतील. आपल्या वस्त्यांतली शिकलेली, पण नोकरी न लागलेली किती मुले त्यात असतील, हे आपल्याला मोजून पाहावे लागत नाही.

म्हणून आमची मागणी विम्याच्या रकमेबद्दल नाही. त्या निधीतून बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे द्यावीत. दोन जेवणांसाठी अर्धा-अर्धा तास अ‍ॅप बंद ठेवला तरी इन्सेन्टिव्ह कापला जाऊ नये. दुसरी मागणी पैशाने स्वस्त आहे, पण कंपन्यांना तीच अधिक जड जाईल असे आम्हाला वाटते.

तोवर, ज्यांची ई-श्रम नोंदणी राहिली आहे त्यांनी ती करून घ्यावी. गोळी स्वतःहून बंद करू नये. आपले काम सांगून डॉक्टरांकडून वेळ बदलून घ्यावी. आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी, डिकीत नको.