मोठ्यांची घसरगुंडी

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट परगण्याच्या हद्दीवरच्या एका जंगलात २०१६ साली झाडांमध्ये एक घर उभे राहिले. घर कसले, दोघांनी राहावे एवढीच जागा. पण थाट काय वर्णावा! उघड्यावर अंघोळीचा फवारा, गरम पाण्याचे टब, वाफेच्या स्नानाची खोली, बसल्या जागेवरून हवी तिकडे वळवता येणारी शेकोटी. आणि खाली उतरायला जिना नको असेल तर चकचकीत पोलादी घसरगुंडी. गाय मॅलिन्सन हा लाकूडकामातला कसबी कारागीर आणि कीथ ब्राउनली हा वास्तुविशारद, या दोघांची ही करामत.

घसरगुंडी म्हटल्यावर ती मुलांसाठी असणार, असे वाटणे साहजिकच. पण हे घर बांधले ते मोठ्या माणसांच्या जोडप्यासाठी. म्हणजे सकाळी चष्मा सांभाळत सुर्रकन खाली येणार ते पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांच्या मागोमाग ‘अहो, बाजूला व्हा!’ म्हणत त्यांच्या सौभाग्यवती.

हसू येते खरे, पण मोठ्यांनी झाडावर खेळावे यात नवे काही नाही. नागपंचमीला गावोगावी झाडांना झोके बांधले जात, ते काही फक्त लहान मुलींसाठी नव्हते. माहेरी आलेल्या लेकी पदर खोचून उभ्याने झोका चढवत आणि त्या दिवशी त्यांना कोणी ‘शोभते का हे?’ असे विचारत नसे. मोठ्या माणसाला खेळायला सबब लागते, एवढेच. कधी ती सणाची असते, कधी नातवाची. आता ती सुट्टीची झाली आहे.

या सबबीचा धंदा पहिल्यांदा झोकात केला तो एका फ्रेंच माणसाने. १८४८ साली पॅरिसजवळच्या एका खेड्यात जोसेफ ग्यूस्कँ याने चेस्टनटच्या भल्यामोठ्या झाडावर चक्क उपाहारगृह थाटले. जहाज फुटून बेटावर अडकलेल्या आणि झाडावर घर करणाऱ्या स्विस कुटुंबाची ‘रॉबिन्सन’ कथा तेव्हा घरोघरी वाचली जात होती. तेच नाव त्याने उचलले. गिऱ्हाइकांनी फांद्यांमधल्या मचाणावर बसायचे आणि जेवण टोपलीत घालून दोरी-कप्पीने वर ओढून घ्यायचे. पॅरिसची प्रतिष्ठित मंडळी रविवारी तिथे लोटू लागली. मग आजूबाजूच्यांनीही झाडे गाठली. तेव्हा ‘रॉबिन्सनचे खरे झाड’ ते आमचेच, असे मूळ दुकानाला सांगावे लागले. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी शोभली असती तर तिथेच! या नावाचा महिमा असा की १९०९ साली त्या गावाचे सरकारी नावच ल प्लेसी-रॉबिन्सन झाले.

पण खेळ म्हटला तरी माणसे उंचावर टांगायची म्हणजे जबाबदारी आली. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मायकेल गार्निए या माणसाला ती फार महागात पडली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्याने आपल्या जागेतल्या ओक वृक्षांवर घर बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. स्थानिक प्रशासनाने हरकत घेतली. घराला जमिनीत पाया हवा, असे नियम सांगतात. इथे पाया म्हणजे वाऱ्यावर डोलणारे झाड! तेव्हा परवानगी नाही.

गार्निए हार मानणारा नव्हता. त्याने ६६ माणसे, दोन कुत्री आणि एक मांजर एकाच वेळी त्या घरावर चढवून दाखवली. सगळ्यांचे मिळून वजन १०,८४७ पौंड, म्हणजे जवळजवळ पाच टन. घर जागचे हलले नाही. मांजराचे वजन हिशेबात धरणाऱ्या माणसाच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडीच. तरीही कचेरी बधली नाही. मग त्याने टी-शर्ट विकायला काढले. टी-शर्ट घेणारा तो मित्र आणि मित्राला घरी मुक्कामाला ठेवायला कोणाची परवानगी लागते? भांडण वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी परवानगी मिळाली. झुलते पूल, दोरखंडाचे झोके आणि तारेवरून झाडाझाडांत सरकत जाण्याची सोय यांमुळे ती जागा पुढे प्रसिद्ध झाली.

मजा अशी की या भांडणातून जगाला उपयोगी पडणारी एक वस्तू निघाली. घर टांगायचे ते झाडाला इजा न करता कसे, हा खरा प्रश्न होता. आपल्याला वाटते, खिळा ठोकण्यापेक्षा दोरी बांधणे दयाळूपणाचे. झाडाच्या बाबतीत ते उलटे आहे. झाडाचा जिवंत, वाढता थर असतो सालीच्या अगदी लगत, आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते ते सालीच्या आतल्या भागातून. खोड जाड होत जाते, पण दोरी सैल होत नाही. ती काचत जाते आणि हा रस्ता चोहोबाजूंनी बंद पडला की झाड हळूहळू मरते. जाडजूड पोलादी बोल्टने मात्र एकाच ठिकाणी जखम होते, झाड तिच्याभोवती नवे लाकूड वाढवून ती मिटवते आणि बोल्ट अधिकच घट्ट धरते. गार्निएने चार्ल्स ग्रीनवूड या अभियंत्याच्या मदतीने हजारो पौंड भार पेलणारा असा बोल्ट घडवला. तो ‘गार्निए लिंब’, म्हणजे गार्निएची फांदी, या नावाने ओळखला जातो. दोन झाडांवर तुळई टाकताना ती एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला सरकती ठेवतात, कारण वाऱ्यात दोन्ही झाडे एका तालात डोलत नाहीत. आणि झाड वाढले म्हणून घर वर जात नाही बरे का! उंची वाढते ती शेंड्याकडे. खोडात मारलेला खिळा जन्मभर त्याच उंचीवर राहतो.

भारतात ही हौस पुरवली ती केरळने. तिथे शेताच्या राखणीसाठी झाडावर बांधलेल्या खोपीला ‘एरुमाडम’ म्हणतात. आपल्याकडे ज्वारीच्या रानात माळा असतो, तसेच काहीसे. आपल्या माळ्यावरून गोफणीने पाखरे हाकायची, तिथे हत्ती आणि रानडुकरे. रात्र रात्र जागून काढायची ती जागा, तिथे खेळ कसला? पण झाडावर टिकेल असे घर बांधायची विद्या जंगलातल्या याच माणसांकडे होती. नव्वदच्या दशकात वायनाडच्या अरण्यात पाहुण्यांसाठी झाडावरची घरे झाली, ती त्यांच्याच हातांनी. वर जायला पाण्याच्या वजनावर चालणारा पाळणा होता. दोराच्या एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला पाणी. पाणी भरून जड झाले की ते खाली आणि माणसे अलगद वर. विहिरीवरचा रहाट पाहिलेल्याला हे सांगायला नको, पण त्यात स्वतः बसण्याची गंमत काही और!

हौस करायची तर थोडी चौकशीही करावी. झाड जिवंत आहे ना, घर बोल्टवर आहे की दोरांवर, आणि जाणकाराने ते शेवटचे कधी तपासले, हे पैसे भरण्याआधी विचारायला संकोच नको. वादळी वाऱ्यात पाहुण्यांना खाली उतरवतात का, हेही. डोंगरउतारावरची जागा ऐन पावसाळ्यात टाळलेली बरी. ३० जुलै २०२४च्या पहाटे वायनाडमध्येच मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या दरडीखाली गेल्या आणि शेकडो माणसे दगावली, हे विसरता येत नाही. गुडघेदुखी असेल तर शिडी किती उभी आहे आणि रात्री स्वच्छतागृहासाठी ती उतरावी लागते का, याची माहिती आधीच काढावी. झाडावरच्या मुक्कामातली निम्मी भांडणे तिथूनच सुरू होत असावीत.

आणि तारेवरून सोडण्यापूर्वी कमरेला पट्टा बांधणारा मुलगा वजन विचारतो, तेव्हा बायको शेजारी उभी असली तरी पाच किलो कमी सांगू नये. त्याचा सगळा हिशेब त्या आकड्यावर असतो.